जुनी डिस्क मी घेऊन जातो

२००३ साली देवळीत पौर्णिमाच्या फोटो स्टुडिओतला कॉम्प्युटर टकटक आवाज करत बंद पडू लागला. मेकॅनिक प्रफुलने तो न उघडताच सांगितलं, "हार्ड डिस्क गेली, ताई. नवी लावून देतो. जुनी मी घेऊन जातो."

"मेलेली डिस्क तुले काऊन पाह्यजे?"

प्रफुल नुसताच हसला. त्या डिस्कमध्ये गावातल्या कितीतरी मुलींचे फोटो होते.

"माझ्यासमोर दुसऱ्या कॉम्प्युटरले लावून दाखव," पौर्णिमा म्हणाली.

तिथे डिस्क टकटक न करता चालली. सगळे फोटो उघडले.

"मंग वायर ढिली असन," प्रफुल पुटपुटला.

पौर्णिमाने डिस्क काढून घेतली आणि त्याला वाटेला लावलं. वायर बदलायला तिने दुसरा मेकॅनिक बोलावला. त्याच्याही हातांवरून तिची नजर हटली नाही.