डाव्या चाकाची टकटक

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप आहे आणि आधीच सांगून टाकते, मी रागावलेली आहे. आपली कथा सांगणाऱ्या खुर्च्या, छत्र्या आणि फाटकी पुस्तकं शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळी होतात, असं मी ऐकलं आहे. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. ज्याच्या हातावर मी डोळे मिटून विश्वास टाकला, त्यानेच केसाने माझा गळा कापला. कसा, ते ऐका.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. ठोकाठोक, रंगाचा वास आणि रांगेत उभ्या माझ्यासारख्याच पांढऱ्या बहिणी, एवढंच. मी खरी जन्मले ती बाळकुमला, राघोच्या अंगणात. राघो हा खाडीवरचा कोळी. खाडीत मासे मिळेनासे झाले आणि आजूबाजूला टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा त्याने होडी किनाऱ्याला ओढून ठेवली आणि मला घरी आणलं. पहाटे मोठ्या बाजारातून मासळी उचलायची आणि कल्याण-डोंबिवलीच्या मासळीवाल्या बायकांना पोहोचवायची, हे आमचं काम. त्याची बायको चंद्रभागा माझ्या डाव्या सीटवर बसायची, मांडीवर कुणाचं तरी फाटकं जाळं घेऊन. घरची होडी सुटली तरी जाळं शिवायचा नाद सुटला नव्हता. सिग्नलला गाडी थांबली की राघोही दोन गाठी मारून द्यायचा. पण तो डावखुरा, त्याची गाठ उलटी पडायची. चंद्रभागा ती सोडवून पुन्हा सुलटी मारायची, आणि यावरून दोघांचं रोज वाजायचं. मला ते भांडण फार आवडायचं.

राघोने मला गाडी कधी मानलंच नाही. त्याच्या लेखी मी चाकं लावलेली होडी होते. नारळी पौर्णिमेला होडीला हार घातला की दुसरा हार माझ्या कपाळावर. रोज सकाळी तो माझ्या नाकाडावर दोन्ही हात टेकून मला खाली दाबायचा आणि पटकन सोडायचा. मी एकदाच वर येऊन गप्प बसले, तर पुढचे शॉकअप ठीक. झुलत राहिले, तर काहीतरी बिनसलं. मग खाली वाकून विचारायचा, "बोल गो, काय दुखतंय?" आणि मी खरंच बोलायचे. बारीकशी करकर झाली तरी तो चंद्रभागेला गप्प करायचा, रेडिओ बंद करायचा आणि कान देऊन ऐकायचा. बाळकुमच्या नाक्यावर तो छाती फुगवून सांगत असे की इतरांच्या गाड्या आवाज करतात, माझी गाडी बोलते.

मित्रांनो, एवढे लाड झाल्यावर कोणीही फुशारून जाईल. मीही गेले. पण लाडाने मुलं बिघडतात तशा गाड्याही बिघडतात. राघो मला धुवायचा ते खाडीच्या पाण्याने, कारण होडी खाडीच्याच पाण्याने धुतात. आणि पुढून करकर आली की मला माशाचं तेल लावायचा, कारण होडीच्या लाकडाला तेच लावतात. आता ऐका. माझं पुढचं चाक एका लोखंडी हातावर तोललेलं असतं. तो हात जिथे चासीला, म्हणजे माझ्या सांगाड्याला जोडलेला असतो, तिथे रबराचे बुश असतात, म्हणजे तुमच्या गुडघ्यातल्या वाटीसारख्या गाद्या. आणि चाकाकडच्या टोकाला असतो बॉल जॉइंट, तो निसटला की चाक आडवं. लाकडाला तेल मानवतं, रबराला नाही. माझे बुश तेल पिऊन फुगले, मऊ पडले आणि तुकड्यातुकड्याने झडू लागले. खारं पाणी सांध्यातल्या लोखंडात शिरलं. तेल लावलं की करकर थांबायची, म्हणून राघो खूश व्हायचा आणि पुन्हा लावायचा. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तशातली गत. पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. ते प्रेमाने झालं होतं, अजाणता झालं होतं.

पुढे राघोचे गुडघेही माझ्यासारखेच वाजू लागले. मुलगा प्रणित शिकला, ऑफिसात लागला. त्याला अंगणात नवी चारचाकी हवी होती. तोवर माझी करकर संपून डाव्या चाकातून टकटक सुरू झाली होती. खड्ड्यात चाक उतरलं की टक, ब्रेक सोडला की टक. राघोला ती कळली होती. कळणारच. गॅरेजवाल्याने सांगितलं की पुढचं सगळं नवं घालावं लागेल. प्रणित म्हणाला, म्हाताऱ्या गाडीत आता काही घालायचं नाही, गिऱ्हाईक मिळालं तर ठीक, नाहीतर भंगार. मी मनात म्हटलं, राघो माझी बाजू घेईल. तो काहीच बोलला नाही.

गिऱ्हाईक मिळालं. टिटवाळ्याची दक्षता. तिथे नव्या नव्या इमारती होतायत आणि प्रत्येक बाल्कनीला कुंड्या हव्यात, म्हणून तिने रोपवाटिका काढली होती. ती येणार त्या सकाळी प्रणितने माझ्या टायरांतली हवा कमी केली, म्हणजे दणके कमी बसतात. हौद्यात वाळूच्या गोणी टाकल्या, कारण रिकामी पिकअप उडते आणि वजन पडलं की सुतासारखी सरळ चालते. इतपत लबाडी जगात चालते, मी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही.

पण प्रणित चहा प्यायला आत गेला आणि राघो अंगणात आला. दुखऱ्या गुडघ्यांनी तो माझ्याखाली शिरला. मला वाटलं, निरोप घ्यायला आला. त्याने जुन्या ट्यूबचे तुकडे माझ्या झडलेल्या बुशांच्या जागी कोंबले, आणखी एक तुकडा बॉल जॉइंटभोवती आवळला आणि जाळ्याच्या निळ्या दोऱ्याने घट्ट बांधून टाकला. ज्या हातांनी रोज मला बोलतं केलं, त्या हातांनी माझं तोंड बांधलं. मी शपथेवर सांगते, एवढी वर्षं ओझी वाहिली, पण त्या दोऱ्याइतकं जड काही वाटलं नाही.

दक्षताने मला कोलशेतकडच्या गुळगुळीत काँक्रीट रस्त्यावर फिरवून आणलं. मी हूं की चूं केलं नाही, करता येईना. परत आल्यावर तिने प्रणितला काही विचारलं नाही. ती सरळ ओट्यावर बसलेल्या राघोकडे गेली. नाक्यावर तिने त्याचं नाव ऐकलं होतं.

"बाबा, तुम्ही चालवलीय म्हणून तुम्हाला विचारते. गाडी काही आवाज करते का?"

राघोने माझ्याकडे पाहिलं नाही. "नाय गो पोरी," तो म्हणाला, "मुकी हाय ती."

टिटवाळ्याला मला बरं वागवलं, हे कबूल केलं पाहिजे. दक्षता चालवायची आणि शाळा सुटली की तिची लेक रसिका शेजारी बसायची, चंद्रभागेच्या जागी, डावीकडे. त्या सीटच्या पुढ्यात खाली ते चाक. आंबिवली स्टेशनबाहेरचे खड्डे आले की ते चाक आतल्या आत डुगडुगायचं. मला आतून कळत होतं की सांधा सैल होतोय, आणि सांगता येत नव्हतं. तशात दक्षताचं ठरलं की सुट्टी लागताच घाट चढून तळेगावहून गुलाबाची कलमं आणायची. रसिकाने घाट पाहिला नव्हता, ती नाचू लागली. मी मात्र रोज त्या निळ्या दोऱ्याला शिव्या घालत होते.

खड्ड्यांनीच शेवटी माझ्यावर उपकार केले. एके दिवशी बुशांमधले ट्यूबचे तुकडे गळून पडले आणि मी बोलले. टक. पण ऐकणार कोण? हौद्यात कुंड्यांचा खडखडाट. दक्षताचा नवरा मयूर म्हणाला, कुंड्याच वाजतात. दक्षताने कुंड्या उतरवल्या. आवाज आला. मग शेजारचे म्हणाले, मागच्या फाळक्याची साखळी असेल. तिने साखळीला चिंध्या गुंडाळल्या. आवाज आला. सीटमागचा जॅक आणि पाना गोणपाटात बांधला, तरी आवाज आलाच. मयूर म्हणाला, "जुनी गाडी आहे, आवाज करणारच. तू लक्ष नको देऊस, गाणी लाव."

दक्षताने गाणी लावली नाहीत. तिने मयूरला स्टिअरिंगवर बसवलं आणि गल्लीत गाडी अगदी हळू चालवायला सांगितली. स्वतः ओढणी कमरेला खोचून माझ्या बाजूने वाकून चालू लागली, एक हात मडगार्डवर, कान चाकाशी. गल्लीतले लोक हसले. एका म्हातारीने विचारलं, गाडीला ताप आलाय का? ती एकदा उजवीकडून चालली, एकदा डावीकडून. मग मयूरला ब्रेक दाबायला लावला, सोडायला लावला, पुन्हा दाबायला लावला. मित्रांनो, माझ्यावर कान ठेवून कोणी चाललं, त्याला किती काळ लोटला होता. मी होतं नव्हतं तेवढं बळ लावून टकटक केली.

"डावीकडे आहे," ती म्हणाली. "घाटाचं रद्द. आधी गॅरेज."

आंबिवलीच्या पोपट मिस्त्रीने आधी राघोसारखंच मला पुढून दाबून सोडलं. म्हणाला, शॉकअप बदलू. दक्षताने सांगितलं की हा आवाज ब्रेक सोडतानाही येतो, तेव्हा आधी चाक बघा. त्याने जॅक लावला, चाक वरून आणि खालून धरून हलवलं. ते दातासारखं हललं. पोपट एकदम गंभीर झाला आणि बॅटरी घेऊन खाली शिरला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात ट्यूबचा काळा तुकडा होता, निळ्या दोऱ्याने बांधलेला.

"ताई, हा आवाज दाबून ठेवलेला कोणीतरी," तो म्हणाला. "घाटात गेला असतात तर चाक सुटलं असतं."

दक्षता तिथल्याच स्टुलावर बसली. बराच वेळ ती रसिकाच्या रिकाम्या सीटकडे बघत होती. मग तिने सांगितलं, सगळं नवं घाला, आणि तो तुकडा मला द्या.

नवे बुश, नवा बॉल जॉइंट घालून मी बाळकुमला गेले. दक्षताने तो तुकडा ओट्यावर ठेवला. प्रणित तापला. म्हणाला, "मी हवा कमी केलेली, गोणी टाकलेल्या, ते कबूल. हे मला माहीतच नाही." दक्षताचा विश्वास बसला नाही. कोणाचाही बसला नसता. राघो समोरच होता, आणि मुलाच्या डोक्यावर आळ चढताना तो गप्प बसून राहिला. माझ्या वेळी बसला होता तसाच.

चंद्रभागा आतून आली. तिने तुकडा उचलला, डोळ्यांजवळ नेला, दोऱ्यावरून अंगठा फिरवला. जन्मभर जिने त्या गाठी सोडवल्या, तिला काय सांगायचं? ती मुलाकडे वळलीच नाही.

"ही गाठ उलटी हाय," ती नवऱ्याला म्हणाली.

राघोची मान खाली गेली. तो म्हणाला, की गाडी बोलली असती तर दक्षताने घेतली नसती आणि पोराने भंगारात घातली असती. "तिला कापताना मना बघवलं नसतं."

दक्षता ओरडली नाही. "बाबा," ती म्हणाली, "डावीकडे माझी मुलगी बसते."

हे ऐकून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या आलं नाही. प्रेम, प्रेम म्हणतात ते हेच का? भंगारात गेले असते तर एकटी मेले असते. याने मला जगवलं ते एका पोरीच्या जिवावर, आणि खोटं बोलायला लावलं ते माझ्या तोंडून.

आम्ही निघालो तेव्हा तो काठी टेकत माझ्यापुढे आला. काठी बाजूला ठेवून त्याने दोन्ही हात माझ्या नाकाडावर टेकले, खाली दाबलं आणि सोडलं. मग कान माझ्याजवळ आणून हळूच म्हणाला, "बोल गो, काय दुखतंय?"

मी एकदाच वर आले आणि गप्प उभी राहिले. कुठेही टक नाही, कर नाही. पोपट मिस्त्रीचं काम चोख होतं.

मित्रांनो, तुमच्या घरात सायकल कुरकुरेल, पंखा खडखडेल, एखादं माणूसही रोज तेच तेच दुखणं सांगेल. वैताग येईल. कान द्या. तपासा, खोला, बदला. नाहीच झेपलं तर खरं सांगून दुसऱ्याच्या हाती द्या. पण आवाज बंद झाला म्हणजे दुखणं गेलं, असं समजून त्याचं तोंड बांधू नका. आणि बांधलंतच, तर पुन्हा कधी त्याच्यापुढे वाकून बोल म्हणू नका.