उरलेला गूळ

सरूबाईनं ढेपेत अंगठा रोवून पाहिला, कडेचा चुरा जिभेवर ठेवला आणि दुकानदाराकडं संशयानं बघितलं.

"खारट तर न्हाई ना? देवीचं काम हाय."

"मावशे, मंचरात ह्याच्यापरीस चांगला गूळ मिळाला तर आणून दाखवा. पण अख्खी ढेप काय करताय? दहा किलोची हाय ती."

"नातवाची गूळतुला हाय उद्या. अख्खीच लागंल. गेल्या साली आमच्या आळीतल्या पोराला नऊ किलो लागला, आन त्यो तर आमच्यापरीस लहान व्हता."

हे ती जरा मोठ्यानंच म्हणाली. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती, त्यांनीही ऐकावं असा तिचा बेत होता. तिच्या मागं गोरी मार्था नवी बादली घेऊन उभी होती. बादलीत मेणबत्त्या, साबण आणि उंदराचा पिंजरा. तिला बघायला रस्त्यावर दोन माणसं थांबली होती. आता तिला त्याची सवय झाली होती.

शिनोलीच्या जीपमध्ये दोघी खेटून बसल्या. ढेप सरूबाईच्या मांडीवर.

"गूळतुला म्हणजे?" मार्थानं विचारलं.

"पोराच्या भारंभार गूळ तोलायचा आन गावाला वाटायचा. नातू झाला तर करीन म्हणून बोलले व्हते देवीला. झाला. आता फेडायचं."

"मग बाळ जेवणार?"

"मंग उष्टावण. नवस फिटल्याबिगर पोराच्या तोंडात अन्न घालत न्हाईत आमच्यात."

"मावशी, बाळ आठ महिने. दूध पुरत नाही त्याला."

"उद्याच्याला हाय ना आता? आठ म्हैनं थांबलो, एका दिसानं काय व्हतंय?"

घोडेगाव येईपर्यंत मार्था खिडकीतून बाहेर बघत राहिली.

ही मार्था आयर्लंडची. शिकलेली नर्स. दिवाळीनंतर पोरांच्या आरोग्याचं काम करणाऱ्या एका संस्थेच्या जीपमधून उतरली तेव्हा गावानं ठरवलं होतं की बाई आठ दिवस टिकायची नाही. संस्थेनं तिच्यासाठी सरूबाईची पुढली खोली भाड्यानं घेतली. पहिल्या दिवशी भाकरीबरोबर ठेचा खाऊन बाई लालबुंद झाली आणि सरूबाईला वाटलं, मेली आता ही. पण दुसऱ्या दिवशी ती मळ्यात आली आणि बटाट्याच्या सरीपाशी उकिडवी बसून मातीत हात घालून बटाटे चाचपायला लागली. तिच्या बापाचीही बटाट्याचीच शेती होती म्हणे. "म्हंजी आपल्यातलीच की गं!" सरूबाई सुनेला म्हणाली, आणि त्या दिवसापासून मार्थाच्या ताटात दही आपोआप यायला लागलं.

मार्थाचं काम पोरांची वजनं करण्याचं. समाजमंदिराच्या तुळईला तिनं काटा टांगला, खाली पोराला बसवायची कापडी झोळी. पहिल्याच दिवशी कुशाबाई नातीला घेऊन आली. मार्थानं काटा वाचला आणि पुण्यात शिकलेल्या मराठीत, सगळ्या बायांसमोर, खणखणीत आवाजात आकडा सांगितला. वर म्हणाली, "कमी आहे." झालं! पोरीला त्याच रात्री ताप भरला. लेकराचं वजन असं चारचौघांत बोलतं का कोणी? दृष्ट लागायला आणखी काय हवं? त्यानंतर समाजमंदिराची पायरी एकही बाई चढली नाही. मार्था रोज सकाळी जायची, काटा पुसायची, दुपारी परत यायची.

आणि परत आली की सोन्या समोर. सरूबाईचा हा नातू मोठ्या डोळ्यांचा, शांत. लई शांत. सरूबाईला त्याचं कौतुक होतं.

"रडत न्हाई की काय न्हाई. गुणाचं हाय माजं."

एकदा मार्थानं त्याच्या दंडाला दोन बोटं लावली आणि म्हणाली, "मावशी, एकदाच वजन करू द्या. फक्त मी, तुम्ही, स्नेहल."

सरूबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "कांद्याच्या गोणीवानी टांगायचं व्हय माज्या पोराला? पुन्यांदा बोलायचं न्हाई. इथं ऱ्हायचं तर गुमान ऱ्हा."

सून स्नेहल दारात उभी होती. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण ती सासूकडं बघून आत गेली. मार्थानं त्यानंतर वजनाचा विषय काढला नाही. पण सोन्या समोर आला की तिची भाकरी ताटात तशीच राहायची आणि ते सरूबाईला दिसायचं. राग यायचा तिला. आपल्याच घरात बसून आपल्याच पोराकडं असं काय बघायचं!

गूळतुलेच्या दिवशी, देवीच्या जत्रेला, सरूबाई ठेवणीतलं लुगडं नेसली. तिचा मुलगा दादाभाऊ मंचरला कांद्याच्या आडतीवर कामाला होता. त्यानं तिथला मोठा तराजू मागून आणला आणि टेकडीवरच्या देवळापुढल्या चिंचेला टांगला. एका पारड्यात स्नेहलनं जुन्या साडीची घडी अंथरली, वर सोन्याला ठेवलं. सरूबाईनं कोयत्यानं ढेप फोडून पाटी भरून घेतली होती. गाव गोळा झालं होतं. मार्था चपला काढून बायांच्या मागं उभी होती.

"देवीच्या नावानं चांगभलं!"

सरूबाईनं पहिला खडा ठेवला. दुसरा. मग दोन हातांनी उचलून एक मोठा. पारडं हललं. आणखी एक ठेवला, आणि सोन्या अलगद वर आला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरूबाई पुढचा खडा हातात घेऊन उभीच राहिली.

"दांडी आडकली बघ," ती म्हणाली. "हालव जरा."

दादाभाऊनं साखळी हलवली. दोन्ही पारडी डोलली आणि पुन्हा बरोबरीला येऊन थांबली.

"पुन्यांदा हालव."

"आये, बरोबर हाय त्ये," तो हळूच म्हणाला.

सरूबाईनं पाटीत पाहिलं. जवळजवळ निम्मी ढेप तशीच पडून होती. काल दुकानात आपण काय बोललो ते तिला आठवलं आणि तोंडात कुणी मारावी तसं झालं. टाळ्या थांबल्या होत्या. कुशाबाईनं मान दुसरीकडं वळवली. आता ही गोरी बोलणार, सरूबाईच्या मनात आलं. बोलू दे. तिला बोलायचा हक्कच आहे.

मार्था बायांतून वाट काढत पुढं आली. तिनं तराजूकडं पाहिलं नाही, पाटीकडंही पाहिलं नाही. तिनं उजवा तळवा पुढं केला.

"मावशी, प्रसाद द्या."

सरूबाईनं पारड्यातल्या गुळाचा तुकडा तिच्या हातावर ठेवला. मग बाकीचे हात पुढं आले.

नंतर देवळाच्या ओट्यावर उष्टावण झालं. मामानं दूधभाताचं एक शीत सोन्याच्या ओठाला लावलं. बाकीची पोरं अशा वेळी तोंड वाकडं करतात, थुंकतात, सगळे हसतात. सोन्यानं ते गिळलं आणि मामाचं बोट दोन्ही मुठींत धरलं. मामानं हात मागं घेतला तसा तो रडला, मोठ्यानं, कधी रडला नव्हता इतका. स्नेहल पदर तोंडाला लावून रडायला लागली.

"आगं भरव त्याला!" सरूबाई ओरडली. "वाटीभर भरव!"

दुसऱ्या दिवशी मार्था काटा पुसत होती, तेव्हा समाजमंदिराच्या दारात सरूबाई दिसली. कडेवर सोन्या, हातात गाठोडं. मागं स्नेहल. सरूबाईनं गाठोडं फरशीवर ठेवून सोडलं. उरलेला गूळ होता.

"ह्यो घरात खाववत न्हाई," ती म्हणाली. "आधी ह्ये टांग."

"गूळ?"

"व्हय, गूळच. पोराचा आकडा तोंडातनं काढायचा न्हाई. गुळाचा सांग."

मार्थानं गूळ झोळीत ठेवला, काटा वाचला आणि आकडा सांगितला, बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा.

"म्हंजी एवढं पोर भरायचं ऱ्हायलंय अजून." सरूबाईनं नाक ओढलं. "माजीच चूक. देवीला भारंभार बोलले, आन भार कवा बघितलाच न्हाई." मग गूळ बाजूला काढून तिनं स्वतःच्या हातानं सोन्याला झोळीत बसवलं, पाय नीट खाली सोडले. मार्थानं काटा वाचला. ओठ मिटलेलेच ठेवले.

"ह्यो गूळ हितंच ठिवायचा," सरूबाई म्हणाली. "पोर भरत जाईल तसा थोडाथोडा वाटायचा. आन आता सांग, काय काय भरवू?"

मार्था सांगत होती, स्नेहल मान हलवत होती, आणि सरूबाई प्रत्येक गोष्ट दोनदा विचारत होती.

गावात गोष्ट पोचायला कितीसा वेळ लागतो! उन्हं चढायच्या आत कुशाबाई पायरीवर येऊन उभी राहिली. कडेवर नात, ओच्यात काहीतरी बांधलेलं. तिच्यामागं आणखी दोघी, त्यांच्याही हातात फडकी.

"बाय, गूळ आणलाय," कुशाबाई म्हणाली. "किती आणायचा त्ये म्हाईत न्हाई. पण आधी गूळ टांगत्यात ना?"

मार्थानं सरूबाईकडं पाहिलं. सरूबाईनं मान वर केली नाही. ती सोन्याच्या अंगात झबलं घालत होती.

"हो मावशी," मार्था म्हणाली. "आधी गूळ." आणि तिनं झोळीचं तोंड उघडून धरलं.