डॅमेज्ड की वोर्न आउट

तिने दोर टेबलावर आडवा टाकला आणि तुटलेलं टोक उजेडाकडे वळवलं. धागे पिंजून विस्कटले होते.

"बघत काय बसलात, ताई? लिहा," मॅनेजर म्हणाला. "डॅमेज्ड. संपला विषय."

उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसणाऱ्या त्या कंपनीचं स्टोअर ती दहा वर्षं सांभाळत होती. फॉर्म इंग्रजीत, आणि दोराची अवस्था सांगायला त्यात जेमतेम एक-दोन शब्दांची जागा. काल सकाळी हाच दोर तुटून काचा पुसणारा लांब्या तिसऱ्या मजल्यावरून खाली आला होता. जीव वाचला, कंबर मोडली. विम्याचा तपासनीस बाहेर ताटकळत होता.

"डॅमेज्ड म्हणजे कशानं तरी कापला गेला," ती म्हणाली. "हा कापलेला नाही. झिजलाय. वोर्न आउट."

"शब्दाचा कीस नका पाडू." मॅनेजरने दार लोटलं, आवाज उतरवला. "डॅमेज्ड म्हटलं तर लांब्यानं दोर भिंतीच्या कडेला घासून कापला, चूक त्याची. वोर्न आउट म्हटलं तर आपण झिजलेला दोर दिला. आणि आपण म्हणजे कोण? मागच्या तपासणीत 'गुड' लिहून सही कोणी ठोकलीय?"

तपासणीच्या त्या दिवशी लांब्या दारातूनच म्हणाला होता, "वहिनी, दोर मऊ पडलाय हो. हातात भरत नाही." नवे दोर मागितले की मॅनेजर अंगावर यायचा. तिने मान वर न करताच म्हटलं होतं, "काढा की थोडे दिवस, भावजी." तो हसत हसत दोर खांद्यावर टाकून गेला होता.

काल हॉस्पिटलात त्याची बायको तिच्याच गळ्यात पडून रडली. म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून धीर आहे."

दारावर टकटक झाली.

तिने पेन उचललं. अक्षरं वाकडीतिकडी आली, पण खाडाखोड झाली नाही. तपासनीस आत येऊन उभ्याउभ्याच फॉर्म वाचू लागला. मॅनेजरने दात आवळले.

"वोर्न आउट," तपासनीस म्हणाला. मग त्याने आपल्या फाइलमधला जुना कागद काढला. "पण महिन्यापूर्वी 'गुड' होता. महिन्याभरात दोर एवढा झिजतो?"

मॅनेजर खिडकीबाहेर बघू लागला.

"नाही झिजत," ती म्हणाली. "तेव्हाही असाच होता."

"मग 'गुड' कसं लिहिलं?"

तिने खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसली.

"सांगते," ती म्हणाली. "पण इंग्रजीत नको. आपल्या भाषेत लिहून घ्या."