घागरीवर शिक्का नको!

मित्रांनो, माझं तोंड बघा केवढं मोठं! आणि पोटात मात्र नुसता वारा. मी एक म्हातारा पत्र्याचा भोंगा आहे. बोईसरच्या कारागिराने मला तेलाच्या डब्यातून कापलं, सातपाटीच्या जानूने उचललं, आणि तेव्हापासून गप्प बसणं मला ठाऊकच नाही.

जानू वल्ह्याच्या निशाणीचा प्रचारक, नामदेव घागरीचा. दोघेही कोळ्यांच्या, मजुरांच्या बाजूचे. पण मागच्या निवडणुकीत एकमेकांशीच भांडले. मतं फुटली आणि बर्फाच्या कारखान्याचा शेठ निवडून आला. बासष्ट साली मात्र शहाणे झाले. घागरीच्या उमेदवाराने वल्ह्याला पाठिंबा दिला. पण अर्ज मागे घ्यायची मुदत टळून गेलेली, म्हणून घागर मतपत्रिकेवर राहिलीच! त्यात पद्धतही नवी. पूर्वी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. आता एकच कागद, त्यावर सगळ्या निशाण्या, आणि शिक्का एकीवरच.

मग काय, रोज माझ्यातून गर्जना: "घागर आनि वल्हं एकच हाय!"

मतदान तोंडावर आलं तेव्हा जानूने फळीवर कोळशाने निशाण्या काढल्या. बोंबील वाळत घालणाऱ्या काशीबाईला म्हणाला, "मावशी, मारून दाखव शिक्का." तिने ओला अंगठा वल्ह्यावर टेकवला आणि लगेच घागरीवरही!

"अगं, मत बाद झालं!"

"का म्हनून? दोघं एकच, असं तुमीच बोंबलता ना? हळद काय एकट्या नवऱ्याला लावतात? नवरीनं काय घोडं मारलंय?"

बाया खो खो हसल्या. सगळ्याजणी तसंच करणार होत्या! माझ्या पत्र्यात कळच आली.

"नामदेव," जानू म्हणाला, "घागर नको, हे तूच सांग. मी सांगितलं तर म्हनतील, डाव साधतोय."

"मी? एवढी वरसं घागर खांद्यावर नाचवली, नि मीच तिला नको म्हनू?"

"मग नको सांगू. शेठ बसलाच हाय हार घेऊन."

नामदेवने मला ओठांना लावलं. आवाजच नाही! नुसता गरम श्वास. मी आतून तडफडत होतो, बोल ना रे बाबा! आणि मग कोळीवाडा दणाणला: "मी घागरवाला नामदेव सांगतो, घागरीवर शिक्का नको! एकच शिक्का, वल्ह्यावर!" दिवस मावळेपर्यंत आम्ही दोघे गल्लोगल्ली फिरलो.

वल्हं निवडून आलं! गुलाल उधळला, जानूला खांद्यावर घेतलं, मिरवणुकीत विजेचा नवा कर्णा वाजला. मी जाळ्यांच्या ढिगात. आणि नामदेव? त्याचीच माणसं त्याच्याशी बोलेनात. होडीला टेकून एकटाच बसला होता, घसा बसलेला. काशीबाई कालवणाचं भांडं घेऊन आली.

"तुजी घागर दिसली रं मला कागदावर," ती म्हणाली. "हात जात व्हता. आवरला. जेव आता."

मित्रांनो, आज मला गंज चढलाय, पण गप्प पडून चैन पडत नाही. मला चिंचेने घासा, तेलाचं बोट लावा. उद्या पुन्हा कुणाला तरी आपल्याच माणसांना न आवडणारं काही सांगावं लागेल. त्याचा आवाज फुटेपर्यंत मला घट्ट धरून त्याच्याजवळ उभे राहा.