आईचा तीळ

महिनाभर मी शहरातल्या प्रत्येक चित्रकाराच्या मागे हात धुऊन लागले होते. माझ्या चित्रकलेच्या कॉलेजच्या प्रकल्पाला मुलाखती हव्या होत्या, पण खरी मेख वेगळीच होती. आईने सरळ सांगून टाकलं होतं की चित्रं काढून घर चालवणारं एक तरी माणूस दाखव, नाहीतर सोमवारपासून मामाच्या ऑफिसात बस. आणि ही कलाकार मंडळी! कुणी मेसेज वाचून गप्प. एकाने तर उलट मलाच विचारलं, काही काम असलं तर कळव. हे आईला कळलं असतं तर माझा निकालच लागला असता.

शनिवारी सकाळी छापचित्रं करणाऱ्या एका बाईंचा फोन आला. लगेच ये म्हणाल्या, फक्त माझं काम चालू असेल. मी घरभर नाचले. अनोळखी घरी एकटीने जायचं नाही म्हणून आईही चपला घालून निघाली. झालं, आता मुलाखत कुणाची नि परीक्षा कुणाची!

खोलीत मधोमध मोठ्या चाकाचं लोखंडी यंत्र होतं, दोरीला चिमट्यांनी कागद टांगलेले, बाईंचे हात कोपरापर्यंत काळे. मी प्रेरणेबद्दल विचारलं. बाई नुसतं 'हं' म्हणाल्या. आई मात्र थेट मुद्द्यावर आली.

"यावर घर चालतं का हो?"

"आता चालतं. आधी बरीच वर्षं शिकवण्या घेतल्या. पण हिचं चालेल का, ते मी कसं सांगू?"

एवढं बोलून त्यांनी तळहाताएवढा पत्रा आणि टोकदार सुई माझ्यापुढे ठेवली. आईलाच काढ म्हणाल्या. एकदा हात सुटला आणि मग काय विचारता! कपाळावरची आठी, घसरलेला चष्मा, उजव्या गालावरचा तीळ, सगळं भराभर कोरलं. बाईंनी पत्र्यावर शाई चोळली, रेषांत उरेल एवढी ठेवून बाकीची पुसली, पत्रा यंत्रात ठेवून वर ओलसर कागद घातला. मी सगळा जोर लावून चाक फिरवलं.

कागद उचलला आणि माझं धाबंच दणाणलं. तीळ डाव्या गालावर! छाप उलटी उमटते, हे आमच्या कॉलेजात पहिल्याच तासाला शिकवतात. आणि मी बावळट, आनंदाच्या भरात आई दिसते तशीच कोरून बसले होते. बाई तोंड फिरवून हसत होत्या. चुकलं, दुसरं काढते, असं मी पुटपुटले.

आईने कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि तो डोळ्यांजवळ नेला.

"चुकलं कुठे? आरशात मी अशीच तर दिसते."

माझे डोळे भरून आले. आईचं तिकडे लक्षच नव्हतं. ती बाईंना विचारत होती, ही शाई कपड्यांवरून कशाने निघते, कारण आता रोजच धुवावी लागणार.