अठरा अंशांवरची देवी

शुक्रवारी जेवणं आटोपली की मस्कतच्या वादी अदाई भागातल्या त्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर चपलांचा एवढा ढीग साचे की, जिना चढणाऱ्याला वाटावं, आत कुणाचं लग्न आहे. आत लग्न नव्हतं. काचेच्या कपाटात अजगराची मादी आपल्या अंड्यांभोवती वेटोळं घालून बसली होती आणि तिच्यासमोर चाळीसेक माणसं सतरंजीवर दाटीवाटीनं बसून तिच्या अंगात येण्याची वाट पाहत होती.

सगळ्यात पुढे मंगलाबाई होत्या. मुलाकडे, धनंजयकडे, त्या चिपळूणहून आल्या तेव्हा सून आकांक्षा हौसेनं अजगर पाळते हे कळल्यावर पहिला आठवडा त्यांनी स्वयंपाकघरातच काढला होता. अजगराचं नाव इमली आहे आणि ती विषारी नाही, या माहितीनं त्यांना काडीचाही धीर आला नव्हता. पण मग इमलीनं अंडी घातली आणि विम्याच्या कामानं आलेल्या दयानंदभाऊंनी कपाटासमोर साष्टांग नमस्कार घातला. उठले तेव्हा इमलीची अजगरेश्वरी झालेली होती.

दयानंदभाऊ आठवडाभर विमा विकत आणि सुट्टीच्या दिवशी दैव. खांद्यावर भगवं उपरणं, हातात घंटी, तोंडात तीन-चार भाषा. आल्या आल्या ते ठरलेली तयारी करत. देवीच्या डोळ्यांवर उजेड नको म्हणून कपाटातला गरम दिवा बंद. दर्शनात आडकाठी नको म्हणून काच बाजूला. माणसं फार आहेत, जीव गुदमरतो, म्हणून एसी अठरावर, आणि रिमोट भाऊंच्या खिशात. मग आरत्या सुरू होत. पाचवी-सहावी आरती होईतो इमलीचं अंग शेपटीपासून थरथरायला लागे. उचकी लागल्यासारखी एकेक लहर त्या जाड वेटोळ्यांतून सरकत जाई.

"यल्ला, चला, देवी आली," भाऊ म्हणत. "शंका घेणारा खलास."

बायका हात जोडत. मंगलाबाईंच्या डोळ्यांत पाणी येई.

पाणी येण्याला कारण होतं. लग्नाला बरीच वर्षं होऊन आकांक्षाला मूल नव्हतं. बौशरच्या एका दवाखान्यात तिचे उपचार सुरू होते आणि येत्या रविवारी पुढची तपासणी होती. भाऊंनी सांगितलं होतं की देवीची अंडी फुटेपर्यंत औषध घ्यायचं नाही, दवाखान्याची पायरी चढायची नाही. आणि आकांक्षानं अंडी आईपासून काढून उबवणपेटीत ठेवायचं मनात आणलं होतं, तेही नाही. देवीची कूस रिकामी केली तर या घराची कूस रिकामीच राहील, असं ते भर सभेत म्हणाले होते. धनंजय मान खाली घालून बसला. मंगलाबाईंनीच सुनेला बजावलं की रविवारी जायचं नाही. आकांक्षा आत गेली आणि तिनं भांडी घासायला घेतली, घासलेलीच.

त्या शुक्रवारी सगळे गेल्यावर वरच्या मजल्यावरची सफूरा चहाला आली. ती मूळची रत्नागिरीची, इथल्या शाळेत जीवशास्त्र शिकवायची, आणि मंगलाबाईंना मावशी म्हणायची. मंगलाबाई गुडघ्यांना तेल चोळत बसल्या होत्या.

"आज फार दुखतात का?" सफूरानं विचारलं.

"शुक्रवारचे दुखतातच गो. देवी आली की इकडे माझे गुडघे धरतात. एका मिनिटाचा फरक नाही. तिचाच कौल असेल."

सफूरानं बशीतला चहा संपवला. "मावशी, एरवी कधी धरतात?"

"थंडीत. पावसाळ्यात. नाहीतर त्या भाजीबाजारातल्या शीतगृहाशी उभी राहिले ना, मवालेहला, तेव्हा."

"मग देवीलाही थंडीच वाजत असेल."

मंगलाबाई रागावल्या. देवीला थंडी वाजते म्हणजे काय? पण सफूरानं वाद घातला नाही. ती एवढंच म्हणाली की तुमचे गुडघे चांगलं मोजमाप देतात, त्यांच्याकडूनच तपासून घ्या.

रात्रभर ते वाक्य मंगलाबाईंच्या डोक्यात राहिलं. सकाळी धनंजय कामावर गेल्यावर त्यांनी कपाटातला दिवा लावला, काच लोटली, एसी बंद केला आणि एकटीनं सगळ्या आरत्या म्हटल्या. घंटीसुद्धा वाजवली. इमली दगडासारखी पडून होती. देवी आपल्यावर रुसली असं समजून त्यांना रडू यायला लागलं. मग त्यांनी दिवा मालवला, काच बाजूला सरकवली, एसी अठरावर नेला आणि मुद्दाम एक अक्षरही न उच्चारता मेथी निवडत बसल्या. जुडी संपत आली तेव्हा गुडघा ठणकला. त्यांनी वर पाहिलं. इमली थरथरत होती.

मंगलाबाईंनी मेथी बाजूला ठेवली. सुनेला हाक मारली नाही, सफूरालाही नाही. उठून फक्त दिवा लावला, कारण आता त्यांना त्या मुक्या बाळंतिणीची दया येत होती.

रविवारच्या तपासणीचा विषय त्यांनी काढला नाही, आकांक्षानंही नाही. पण त्याच दिवशी, शनिवारी संध्याकाळी भाऊ खास बैठकीला आले. आणखी काही जोडप्यांना देवीसमोर बसवायचं होतं आणि दक्षिणेच्या डब्याला नवीन कुलूप होतं. दिवा, काच सगळं नेहमीसारखं करून त्यांनी रिमोट शोधला. सापडला नाही. मंगलाबाई त्यावर पदर पसरून बसल्या होत्या. एसी बंद होता आणि मस्कतच्या जूनमध्ये चाळीस माणसांनी खोलीची भट्टी केली होती.

आरत्या झाल्या. पुन्हा झाल्या. भाऊंचं उपरणं घामानं गळ्याला चिकटलं. इमलीनं फक्त एकदा जीभ बाहेर काढली.

"देवी येणार, इन्शाल्ला," भाऊ म्हणाले. "तेवढा एसी लावा कुणीतरी."

"का हो भाऊ?" मंगलाबाईंनी शांतपणे विचारलं. "देवीला यायला एसी लागतो?"

मागून कुणीतरी हसलं. भाऊ म्हणाले, एसी भक्तांसाठी आहे.

"भक्त बसतील तसेच. आमच्या गावात देवी मे महिन्यात, पत्र्याच्या मांडवात येते." मग त्यांनी पदराखालून रिमोट काढला, अठरा केलं आणि सुनेला सांगितलं की सगळ्यांना चहा टाक. "आता कुणी आरती म्हणायची नाही. घंटी नाही. गप्पा मारा."

लोकांनी गप्पा मारल्या. खोली गार झाली. मंगलाबाई गुडघ्यावर हात ठेवून बसल्या होत्या. एकाएकी त्यांनी बोट दाखवलं. चहाचे कप अर्ध्यात थांबले. गुजरातच्या हवेबद्दल चाललेल्या गप्पांच्या मध्येच देवी आली होती.

मग मागे बसलेल्या सफूरानं समजावून सांगितलं. काही जातींच्या माद्या अंडी स्वतः उबवतात. हवा गार झाली की त्या स्नायू आखडून-सोडून शरीरात ऊब तयार करतात, थंडीत आपल्याला हुडहुडी भरते तशीच. अंगात काही येत नाही. अंगातलं जातं, अंगातली ताकद. उबवताना ती बहुधा खातही नाही. दर शुक्रवारी तुम्ही एका उपाशी आईला थंडीत बसवून तिला हात जोडत होता.

भाऊंना अचानक एका ग्राहकाची आठवण झाली. चपलांच्या ढिगात त्यांना आपली जोडी बराच वेळ सापडेना आणि कुणी शोधायला उठलं नाही.

गर्दी पांगल्यावर प्रश्न उरला अंड्यांचा. धनंजयचं मत होतं की आईपाशीच ठेवावीत, निसर्गानं योजलंय ते बरं. आकांक्षानं दोन्ही बाजू मांडल्या. दिवा नीट चालू ठेवला आणि काच बंद राहिली तर आईही उबवू शकते. पण इमली आधीच खंगली होती. पेटीत ओलसर भुसभुशीत थर घालून ऊब एकसारखी राखता येते, आणि इमलीला लगेच खाऊ घालता येतं. मंगलाबाईंनी दोन-तीन प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "मग पेटीच. बाळंतिणीला जेवायला मिळू दे."

आकांक्षानं जाड हातमोजे घालून इमलीला हलकेच दूर केलं. अंडी उचलताना वरची बाजू वरच राहिली पाहिजे, नाहीतर आतला जीव दगावू शकतो, म्हणून प्रत्येकावर पेन्सिलीनं ठिपका द्यायचा होता. ते काम मंगलाबाईंनी मागून घेतलं. कुंकू लावायच्या सरावाचा हात, ठिपके अगदी मधोमध पडले.

रविवारी सकाळी त्या सुनेच्या आधी तयार होऊन दारात उभ्या होत्या. बौशरच्या दवाखान्यात बसायच्या खोलीत एसी जोरात होता. आकांक्षाचे हात गार पडले होते. मंगलाबाईंनी ते आपल्या हातांत घेतले.

"डॉक्टरांना सगळं विचार," त्या म्हणाल्या. "हे कसं, ते का, नाही झालं तर काय. मीही विचारीन. पहिल्याच दिवशी मी भाऊंना विचारायला हवं होतं, एसी का लावता म्हणून. केवढ्या आरत्या वाचल्या असत्या."

आकांक्षा हसली. मंगलाबाई उठल्या, गुडघा चोळत टेबलामागच्या मुलीकडे गेल्या आणि म्हणाल्या, "बाई, एसी जरा कमी कर. आमच्याकडे एवढ्या गारठ्यात देवी येते."