दोन नंबर शेडचा निरोप

प्रमिलाला कारखान्यात टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली ती बळीरामकाकांच्या शब्दामुळे. करंजाड्यात दोघांची घरं एकाच आळीत. काका पनवेलच्या पलीकडे रसायनं बनवणाऱ्या त्या कारखान्यात फिटर होते. यंत्रांवरचे काटे, गॅस ओळखणारे डबे, धोक्याचे बझर, सगळं त्यांच्या हाताखालचं. ऑपरेटरची जागा रिकामी झाली तेव्हा त्यांनी मॅनेजरला सांगितलं, आमच्या गावची पोर आहे, बारावी झालीय, आवाज चांगला आहे. एक्क्याण्णव सालच्या उन्हाळ्यात ती बोर्डावर बसायला लागली.

आवाज चांगला होता, पण इंग्रजी मात्र शाळेत शिकलेलं तेवढंच होतं. कामगार मराठीत बोलत, मुंबईचे साहेब इंग्रजीत, आणि दोघांच्या मधे ही. पहिल्याच महिन्यात मुंबईच्या ऑफिसातून निरोप आला की स्टोअर्सचे दोन क्लार्क ‘फायर’ झालेत. प्रमिला घाबरून अकाउंट्समध्ये धावली आणि विचारलं, फार भाजलंय का? ते दोघे नोकरीवरून काढले गेले होते. पुढे कितीतरी दिवस ती कँटीनमध्ये आली की कोणीतरी विचारायचं, “काय प्रमिला, आज कोण भाजलं?” तिने ऑफिसात शब्दाचा अर्थ विचारणं त्या दिवसापासून सोडलं.

त्याऐवजी तिने पनवेलात लाइन आळीतला दिनानाथ सरांचा संध्याकाळचा क्लास लावला. सर निवृत्त हेडमास्तर होते. अवघड शब्दांना भ्यायचं नाही, सोप्या शब्दांना भ्यायचं, असं ते म्हणत. अवघड शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो. सोप्याला दहा असतात आणि तो आपल्याला कळल्यासारखा वाटतो. ‘चार्ज’ घ्या, म्हणाले, आणि फळ्यावर त्याचे अर्थ लिहीत गेले. प्रमिला ते उतरवून घेत होती. हे सगळे शब्द ती दिवसभर बोर्डावरून इकडचे तिकडे करत होती. त्यातले किती तिला खरोखर कळले होते?

कारखान्याच्या मागच्या बाजूला दोन नंबरची शेड होती. तिथे क्लोरिनचे मोठे सिलिंडर आडवे ठेवलेले असत. शेडमागच्या गटारापाशी गवत उगवत नसे. सकाळी झाडणाऱ्या बाया तिथल्या मेलेल्या चिमण्या सुपलीत भरून टाकत, त्याचं कोणाला काही वाटेनासं झालं होतं. शेडमध्ये गॅस ओळखणारा डबा होता. गॅस सुटला की त्याचा बझर लांब कंट्रोल रूममध्ये वाजायचा. एका महिन्यात तो डबा दोनदा बंद पडला. काका दोन्ही वेळा दुरुस्त करून आले आणि म्हणाले, जुना झालाय, नवा मागवला पाहिजे. नवा आला नाही.

त्याच महिन्यात एके दिवशी दुपारी जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. कंट्रोल रूममधून कृष्णकांत साहेबांचा फोन आला. ते नवे इंजिनियर, पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेले, वयाने प्रमिलापेक्षा थोडेच मोठे. एरवी शांत बोलत. आज त्यांचा श्वास वर-खाली होत होता.

“द अलार्म हॅज गॉन ऑफ इन नंबर टू शेड. टेल बळीराम, क्विक.”

आणि फोन ठेवला गेला.

प्रमिलाला ऑफ माहीत होतं. दिवा ऑफ, मोटर ऑफ, रविवारी काकांचा ऑफ. अलार्म ऑफ, म्हणजे पुन्हा बंद पडला. तिने वर्कशॉपची लाइन जोडली.

“काका, दोन नंबर शेडचा अलार्म बंद पडलाय. लगेच जायला सांगितलंय.”

“परत?” काका म्हणाले. “ठीक हाय. बघतो मी.”

बंद पडलेला डबा दुरुस्त करायला मास्क लागत नाही. काकांनी हत्यारांची पिशवी उचलली आणि निघाले.

प्रमिलाने पुढचे दोन फोन जोडले, पण कानात साहेबांचा श्वास राहिला. डबा बंद पडल्यावर कोणी एवढं धापा टाकतं का? तिने कंट्रोल रूमला फोन लावला. घंटी वाजत राहिली. वर्कशॉपला लावला. कोणी उचलला नाही. बोर्ड सोडून उठायची सक्त मनाई होती. समोरच्या टेबलावर अकाउंट्सचे भगवान काहीतरी टाइप करत होते. त्यांना विचारावं की नाही, यात तिचा थोडा वेळ गेला. तो थोडा वेळ पुढे तिला जन्मभर पुरला.

शेवटी तिने विचारलं, अलार्म गॉन ऑफ म्हणजे काय हो?

“वाजला,” भगवान मान वर न करता म्हणाले. “का?”

तिने हेडफोन काढून टाकला आणि धावत सुटली. वर्कशॉपच्या कोपऱ्यावर तिला माणसं भेटली, तोंडावर ओले रुमाल धरून उलट्या दिशेने येणारी. कोणीतरी तिचा हात धरला, तो तिने हिसडला. शेडच्या दाराशी जमिनीलगत पिवळट हिरवी वाफ साचली होती, डबक्यातल्या पाण्यासारखी. तिच्यातून काका बाहेर येत होते, भिंतीला धरून. मास्क लावलेले कृष्णकांत साहेब त्यांना मागून ढकलत होते. तिने काकांच्या दंडाला धरून ओढलं. तिचे डोळे पेटल्यासारखे झाले, पण काका बाहेर आले, खाली बसले, खोकले आणि बोललेसुद्धा.

“डबा चालू व्हता,” ते म्हणाले. “चांगला चालू व्हता गं.”

गॅस अर्ध्या तासात आटोक्यात आला. काका स्वतः चालत अँब्युलन्समध्ये चढले. सगळ्यांना वाटलं, वाचले. पण क्लोरिन छातीत सावकाश काम करतो. संध्याकाळी त्यांना धाप लागली, तोंडाला फेस आला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. काकांच्या पत्नी शकूकाकी हॉस्पिटलच्या जिन्यावर बसून होत्या. त्यांना कोणी सांगण्याआधीच त्यांनी डोक्यावरून पदर घेतला.

चौकशी पुढच्या आठवड्यात झाली. मुंबईहून एक वयस्क साहेब आले. ते ओरडले नाहीत, उलट तिला पाणी दिलं. सगळं इंग्रजीत चाललं होतं. प्रमिला रात्ररात्र झोपली नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती, काका पुढे गेले आणि ती मागून धावली. साहेबांनी कृष्णकांतकडे बोट दाखवून विचारलं, त्यांनी निरोप दिला, मग बळीराम शेडकडे निघाला.

“डिड यू फॉलो हिम?”

फॉलो म्हणजे मागे जाणं. हे तर सहावीपासून येत होतं. काकांच्या मागे गेलीस का, असं ते विचारताहेत, बोर्ड सोडलास का. खोटं बोलायचं नाही असं तिने ठरवलं होतं.

“येस सर,” ती म्हणाली. “आय फॉलोड.”

समोर बसलेला माणूस टाइप करत होता. साहेबांनी मान हलवली आणि तिला बाहेर जायला सांगितलं.

गेटपाशी कृष्णकांत तिच्या मागोमाग आले. त्यांचे डोळे अजून लाल होते. ते मराठीत बोलले, पहिल्यांदाच. घरी ते मराठीच बोलत असणार.

“तुम्ही असं का सांगितलंत? त्यांनी विचारलं, माझं बोलणं तुम्हाला कळलं होतं का. तुम्ही हो म्हणालात. कळूनसुद्धा चुकीचा निरोप दिलात, असा त्याचा अर्थ लागला.”

 प्रमिलाने विचारलं, “साहेब, त्या दिवशी तुम्ही मराठीत का नाही बोललात?”

 घाबरलो की इंग्रजीच येतं तोंडात, असं काहीतरी ते म्हणाले. त्यांनी आत जाऊन साहेबांना समजावलं, असं नंतर तिच्या कानावर आलं. पण जबाबाचा कागद मुंबईला गेला होता. निष्काळजी ऑपरेटर असा ठपका ठेवून प्रमिलाला काढून टाकलं. शेडबद्दल, जुन्या डब्याबद्दल कोणाला काही विचारलं गेलं नाही.

तेराव्यानंतर प्रमिला शकूकाकींकडे गेली. आपण काय ऐकलं, काय समजलो आणि काय बोललो, ते तिने सगळं सांगितलं. 

“तुझ्यावर इश्वास ठेवून गेला तो,” त्या शेवटी म्हणाल्या. “म्हनून आमी तुला कायच बोलत नाय.”

त्यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं प्रमिलाला वाटलं. ती उठणार, तेवढ्यात काकींनी तिला बसवलं. कंपनीने त्यांच्या थोरल्याला, हरेशला, बापाच्या जागी घ्यायचं कबूल केलं होतं. सोमवारपासून पहिल्या पाळीला. काम कुठे, तर दोन नंबर शेड. नको म्हणायची घरात ऐपत नव्हती.

“त्याला सांग काय ते,” काकी म्हणाल्या. “तितं काय बोलतात, कसं बोलतात. तुला ठाव हाय.”

हरेश ओट्यावर नवे बूट घालून बघत होता. प्रमिला त्याच्याशेजारी बसली.  तिने दिनानाथ सरांचे सगळे फळे आठवून पाहिले, तरी असे फसवे शब्द किती उरले असतील याचा अंदाज लागेना.

“तिथे घाईत कोणी इंग्रजीत काही ओरडलं,” ती म्हणाली, “तर अर्थ लावत बसू नको. पळ. वाऱ्याकडे तोंड करून पळ. मग हसले तर हसू दे.”

हरेश हसला. दहावी झालोय मी, ताई, म्हणाला, एवढं कळतं मला. मग त्याने बुटाची नाडी घट्ट ओढली आणि चालून पाहायला अंगणात उतरला.